आठ-दहा फुटी झाडं लावली, ऑक्टोबरात पिवळी पडून गळताहेत: पाणी वाढवायचं की थांबवायचं?

लेआउट_लातूर:
नमस्कार मंडळी. लातूरला आमच्या वसाहतीच्या ओपन स्पेसमध्ये आणि आतल्या रस्त्याच्या कडेने जुलैअखेर ६० झाडं लावली आहेत. कडुनिंब २४, बहावा १४, बकुळ १२, सप्तपर्णी १०. आंध्रातल्या नर्सरीतून ट्रकने आलेली, १८ इंची पिशवीतली, लाल मातीतली. उंची आठ ते दहा फूट, खोडाची जाडी ५ सेंमीच्या आसपास. खड्डे जेसीबीने, ३ फूट लांब-रुंद आणि ३ फूट खोल. तळाला काळी माती आणि शेणखत, त्यावर झाड, कडेने पुन्हा काळी माती. जागेचा वरचा भाग मुरमाच्या भरावाचा आहे, खालचा नाल्याकडचा भाग निव्वळ काळ्या मातीचा.

पाऊस थांबल्यापासून आठवड्यातून दोनदा टँकर लावतो, पाइप आळ्यात सोडून आळं भरेपर्यंत. तरी दोन्ही भागांत पानं पिवळी पडून गळत आहेत. कुणी म्हणतं पाणी कमी पडतंय, कुणी म्हणतं जास्त होतंय. माळी म्हणतो शेंडे छाटा आणि मूठभर युरिया टाका. उन्हाळ्याआधी ही झाडं जमिनीला लागावीत म्हणून नेमकं काय करावं?

वाफसा_परभणी:
दादा, युरिया आणि कात्री दोन्ही बाजूला ठेवा. पाणी कमी की जास्त, याचं उत्तर तुमच्याकडे एकच असेल असं समजू नका. वरच्या भागातली झाडं तहानेने आणि खालची बुडून पिवळी पडत असण्याची बरीच शक्यता आहे. पान पिवळं दोन्हीकडे पडतं, कारण मूळ सुकलं काय किंवा कुजलं काय, वर पाणी चढत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पिशवीतून आलेल्या झाडाची सगळी मुळं अजून त्या लाल मातीच्या गड्ड्यातच आहेत. बाहेरच्या काळ्या मातीत पांढरी मुळी जेमतेम बोटभर गेली असेल. काळी माती अतिशय बारीक कणांची, ती शेजारच्या भुसभुशीत लाल मातीतलं पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि घट्ट धरून ठेवते. वरून झाडही त्याच गड्ड्यातून पाणी उपसतं. त्यामुळे आळं ओलं दिसतं, खड्ड्याची माती हाताला चिकटते आणि मधला गड्डा मात्र कोरडा ठणठणीत. १८ इंची पिशवीचा गड्डा साधारण ७० लिटर आकारमानाचा. त्यातलं झाडाला उपसता येईल असं पाणी आठ-दहा लिटरच्या पुढे क्वचितच असतं. ऑक्टोबरच्या उन्हात पानांनी भरलेल्या झाडाला ते दोन-तीन दिवस पुरलं तरी खूप झालं. तुमचा टँकर आळ्यात शंभर लिटर ओतत असेल, पण त्यातलं बहुतेक कडेच्या पोकळ मातीतून आणि भेगांतून खाली जातं.

तपासणी अशी करा. प्रत्येक रांगेतली तीन-चार झाडं घ्या. खोडापासून वीतभर अंतरावर, म्हणजे गड्ड्यातच, खुरप्याने १५ ते २० सेंमी खोल उकरा आणि तिथली माती मुठीत दाबा. नंतर गड्ड्याच्या बाहेर, खोडापासून दीड-दोन फुटांवर, तितक्याच खोलीवर तेच करा.

आतली माती भुरभुरते, बाहेरची ओली: झाड तहानेलं आहे. पानांच्या कडा आधी करपलेल्या दिसतील, शेंड्याकडची पानं कुरकुरीत होतील.

आत-बाहेर दोन्हीकडे चिखल, आंबूस वास, मुळी काळपट आणि ओढली की साल सुटून येते: झाड बुडतंय. अशा झाडाची पानं मऊ पडून लोंबतात, खालची आधी गळतात.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक: हा पाण्याचा थेट प्रश्न नाही, लोहाचा आहे. त्यावर नंतर बोलू.

पानं सगळी गेली म्हणून झाड मेलं असं धरू नका. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं ओलसर असेल तर जीव आहे. शेंड्याकडून खाली येत खरवडत चला, कुठवर वाळलंय ते कळतं.

पहार_आणि_टिकाव:
वरचं बरोबर. त्यात खड्ड्याची भर घालतो, कारण मला खरी गडबड तिथेच दिसते.

पिशवी दीड फूट उंचीची आणि खड्डा तीन फूट खोल. म्हणजे गड्ड्याखाली दीड फूट पोकळ माती आणि शेणखत. दोन पावसात ते बसतं, झाड त्याच्यासकट खाली जातं आणि कडेची माती खोडावर येते. खोड जिथे रुंदावून मुळांत उतरतं तो भाग जमिनीच्या वर दिसायला हवा. खोड जमिनीतून खांबासारखं सरळ वर आलेलं दिसलं तर ते खोल गेलंय. पुरलेली साल कायम ओली राहून कुजते आणि मुळांना हवा मिळत नाही. काळ्या मातीत तर गड्ड्याचा माथा जमिनीपेक्षा ५ सेंमी वरच ठेवावा, म्हणजे बसल्यावर बरोबर येतो.

दुसरं, जेसीबीच्या बकेटने ओल्या काळ्या मातीची भिंत गुळगुळीत सारवल्यासारखी होते. तिच्यातून पाणी झिरपत नाही आणि मूळही घुसत नाही, खड्ड्याचा हौद होतो. पुढच्या वेळी खड्डा गड्ड्याइतकाच खोल आणि दोन-तीन पट रुंद घ्या, भिंती टिकावाने खरवडून घ्या, आणि निघालेलीच माती परत भरा. शेणखत वर आच्छादनाखाली पसरा, तळात नको. मुळं पसरतात ती वरच्या फूट-दीड फुटात. तळाशी मेजवानी मांडून उपयोग नाही, न कुजलेलं शेणखत असेल तर उलट वाळवीला आमंत्रण.

खालच्या भागात एक साधी चाचणी करा. दोन झाडांच्या मधे दीड फूट खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या भरण्याचं पाणी चोवीस तासांनंतरही उभं असेल तर ती जागा चिबड आहे. तिथे कडुनिंब टिकवण्याचा हट्ट करू नये. कडुनिंब दुष्काळ सोसतो, साचलेलं पाणी नाही.

लेआउट_लातूर:
सांगितल्याप्रमाणे उकरून पाहिलं. मुरमाच्या बाजूला गड्डा अक्षरशः पावडर, बाहेर ओल. नाल्याकडच्या रांगेत आठ-नऊ कडुनिंब वीतभर खोल गेलेत आणि तळाशी वास येतोय. दोन बकुळींच्या गड्ड्याला खाली पिशवीचा बूड तसाच राहिलेला निघाला. बऱ्याच झाडांना नर्सरीची बारीक काठी आणि नायलॉनची दोरी अजून आहे. आता क्रम कसा लावू? आणि पाणी लिटरमध्ये सांगा, टँकर ५,००० लिटरचा आहे.

वाफसा_परभणी:
क्रम असा. मुरमाच्या बाजूला आजच पाणी, नाल्याकडच्या रांगेचं पाणी आजच बंद. बाकी नंतर.

पाण्याचं माप खोडाच्या जाडीवर धरा, जमिनीपासून वीतभर उंचीवर मोजलेली जाडी. दर सेंटिमीटरला एका वेळी ३ ते ४ लिटर. तुमचं ५ सेंमी खोड म्हणजे १५ ते २० लिटर. ६० झाडांना २० लिटरने १,२०० लिटर झाले. एका टँकरमध्ये चार पाळ्या निघतात, आत्ता तुम्ही तो एका पाळीत संपवत असाल. प्रश्न पाण्याच्या किमतीचाही आहे, २०१६ला रेल्वेने आणलेलं पाणी प्यायलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको.

पाणी पडलं पाहिजे गड्ड्यावर. गड्ड्याच्या काठाशी, म्हणजे खोडाभोवती साधारण ६० सेंमी व्यासाचा, चार बोटं उंच मातीचा बांध करा. हे आतलं आळं. मोठं बाहेरचं आळं पुढच्या वर्षी कामाला येईल. पाइप पूर्ण सोडला तर माती वाहून मुळं उघडी पडतात, म्हणून धार बारीक ठेवा.

कोरडा ठणठणीत झालेला गड्डा पहिल्यांदा पाणी घेतच नाही, कडेने वाहून जातं. त्यासाठी पहिल्या दिवशी पाच-पाच लिटर करून अर्ध्या-अर्ध्या तासाने चारदा घाला. दुसऱ्या दिवशी उकरून बघा, आत ओल पोचली का.

पुढचं वेळापत्रक, मुरमाच्या बाजूचं: दिवाळीपर्यंत दिवसाआड २० लिटर. थंडी पडली की चौथ्या दिवशी. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याला एकदा २५ ते ३०. होळीनंतर पुन्हा तिसऱ्या दिवशी आणि एप्रिल-मेमध्ये दिवसाआड, तेव्हा ३० लिटर, त्यातलं निम्मं गड्ड्याच्या बाहेर. काळ्या मातीत चांगल्या असलेल्या झाडांना हेच माप, पण अंतर दीडपट ते दुप्पट. तारखेवर जाऊ नका, खुरप्याने उकरून मग पाणी द्या. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की पाणी, चिखल असेल तर थांबायचं.

ठिबक करणार असाल तर झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, खोडाच्या दोन बाजूंना वीतभर अंतरावर, गड्ड्यावरच. अडीच तास चालवलं की २० लिटर. फेब्रुवारीत आणखी दोन ड्रिपर गड्ड्याच्या काठापासून फूटभर बाहेर घाला, मुळं पाण्याच्या मागे जातात. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपर क्षाराने बुजतात, महिन्यातून एकदा उघडून बघावे लागतात. ठिबक नसेल तर तेलाचे १५ लिटरचे रिकामे डबे, बुडाला खिळ्याने एक बारीक भोक, गड्ड्यावर टेकवून भरायचे. तासाभरात हळूहळू उतरतं. दिसायला गबाळं, काम चोख.

पिशवीचे बूड राहिलेल्या बकुळी थंड संध्याकाळी काढा, प्लास्टिक कापून टाका. गड्ड्याभोवती गोल फिरलेली मुळं दिसली तर धारदार चाकूने वरून खाली तीन-चार चिरे द्या, दोन सेंमी खोल. गोल फिरणारं मूळ आपोआप सरळ होत नाही. ते जाड होतं आणि आठ-दहा वर्षांनी खोडालाच आवळतं.

पहार_आणि_टिकाव:
नाल्याकडच्या कडुनिंबांचं मी सांगतो.

माती थोडी आटली, वाफशावर आली की ती झाडं उचलायची. पहिल्या हंगामातच हे शक्य असतं, पुढच्या वर्षी नाही. गड्ड्याच्या बाहेरून चर घ्या, गड्ड्याखालून दोन रुंद पट्टे किंवा गोणपाटाची झोळी घाला आणि चार माणसांनी उचला. खोडाला धरून कधीही ओढू नका, गड्डा फुटतो आणि बारीक मुळं तुटतात. काळी कुजलेली मुळं स्वच्छ कापून टाका. खड्ड्यात निघालेलीच माती भरून पायाने चांगली दाबा आणि गड्डा जमिनीपेक्षा निम्मा वर येईल असा ठेवा. कडेने उतार देऊन पाच-सहा फूट रुंदीचा उंचवटा करा, त्याच्या बाहेर पाणी नाल्याकडे काढणारी चारी. उंचवट्यावर माथ्याला छोटं आळं लागतं, नाहीतर उन्हाळ्यात पाणी घसरून जातं. पावसाळ्यात तेच आळं उताराच्या बाजूने फोडून ठेवायचं.

जी मरतील त्यांच्या जागी पुन्हा कडुनिंब नको. अर्जुन, करंज, जांभूळ लावा, यांना पाय ओले चालतात. आणि पुढच्या मृगात लावताना दोन-तीन फुटी रोप घ्या. मोठं झाड उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतं, पण लहान रोपाच्या मुळांचं आणि पानांचं प्रमाण जुळलेलं असतं. ते लगेच चालू पडतं आणि काही वर्षांत मोठ्याला गाठतं. वसाहतीच्या बैठकीत हे पटवणं झाड लावण्यापेक्षा अवघड.

काठ्यांबद्दल: नर्सरीची काठी आणि नायलॉन काढून टाका. मग खोड हलवून बघा. खोड वाकतं पण गड्डा जागचा हलत नाही, तर आधाराची गरजच नाही. गड्डा हलत असेल तर दोन बांबू, गड्ड्याच्या बाहेर पक्क्या जमिनीत दोन फूट ठोकून, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आठच्या आकारात, सैल. झाड ज्या सर्वात खालच्या उंचीला बांधून उभं राहतं तिथेच बांधा. खोड थोडं डोललं पाहिजे, त्यानेच ते जाड होतं. तार, सुतळी, नायलॉन काही नको. पुढच्या पावसाळ्याअखेर बांबू काढायचे.

मळ्यातली_ताई:
छाटणीबद्दल थोडा वेगळा मुद्दा. आमच्याकडे बीड-जालना भागात ठेकेदार मोठं झाड लावलं की शेंडा उडवतात, ‘पानं कमी, पाणी कमी’ म्हणून. सरसकट युरियासारखंच ते चुकीचं आहे हे मान्य. नवी मुळी फुटण्यासाठी लागणारं अन्न आणि संप्रेरक पानं आणि शेंड्याच्या कळ्याच पुरवतात, शेंडा उडवला की मुळीही मंदावते. पण मुरमावर पाण्याची खात्री नसेल आणि झाड डोळ्यांदेखत सुकत असेल, तर आतल्या गचपणातल्या बारीक फांद्या विरळ करायला माझी हरकत नाही. शेंडा मात्र ठेवावा.

वाफसा_परभणी:
ताई, पाण्याची खात्री नसेल तर विरळणी चालेल, पण एक पंचमांशापेक्षा जास्त नको, आणि फक्त बकुळ-सप्तपर्णीला. कडुनिंब आणि बहावा स्वतःच पानं टाकून हिशेब जुळवतात. या लातूरच्या दादांकडे टँकर आहे, तेव्हा मोडलेल्या आणि वाळलेल्या फांद्यांपलीकडे आत्ता काही कापू नये असंच मी म्हणेन.

मळ्यातली_ताई:
ठीक. मग आच्छादनाचं सांगते, ते अजून कुणी बोललं नाही आणि काळ्या मातीत त्याच्याशिवाय उन्हाळा निघत नाही. जानेवारीपासून माती आवळायला लागते, भेगा पडतात आणि नुकत्या बाहेर आलेल्या बारीक मुळ्या अक्षरशः ताणून तुटतात. भेगेतून गरम हवा थेट मुळांपर्यंत जाते. उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट तीन ते चार इंच जाड, तीन-चार फूट रुंदीच्या वर्तुळात पसरा. खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते आणि उंदीरही बसतात. भुसकट वाऱ्याने उडतं, त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या) आडव्या टाका. तरीही भेग पडलीच तर भुसभुशीत माती सारून बुजवा, भेगेत पाइप सोडू नका.

वाळवी बघत राहा, मुरमाच्या बाजूला हमखास येते. खोडावर मातीचं अस्तर दिसलं की ते पुसून काढा. झाडाला ओल नीट असली की वाळवी सहसा वाळक्या सालीवरच राहते. आच्छादनाखाली झाडामागे अर्धा किलो निंबोळी पेंड टाका. त्यानेही आवरलं नाही तर कीटकनाशक बाटलीवरच्या प्रमाणाने, फक्त बाधित झाडाला.

खोडाला चुना लावा. नर्सरीत दाटीवाटीने सावलीत वाढलेलं खोड आपल्याकडे नैऋत्येच्या उन्हात भाजतं, साल फुटते, मग खोडकिडा शिरतो. एक किलो चुना रात्रभर चार-पाच लिटर पाण्यात भिजवून गाळायचा, थोडा डिंक टाकायचा आणि जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंत दोन हात द्यायचे. जखम असेल तिथे बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी बादली वापरू नका. बकुळ आणि सप्तपर्णीला मार्च ते मृगापर्यंत पश्चिम बाजूला ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट उभी करा, बांबूवर, झाडाला गुंडाळून नाही.

शिरा हिरव्या आणि पान पिवळं असं ज्यांचं आहे त्यांना लोह मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत आणि जड पाण्यात ते असूनही मुळाला उचलता येत नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल १ ग्रॅम, संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. पण आधी मुळाशी चिखल नाही ना ते बघा. चिखलातल्या झाडाचीही नवी पानं अशीच दिसतात आणि मग फवारणी वाया जाते.

लेआउट_लातूर:
खूप आभार. दोन शंका. खत कधी? आणि बाहेरच्या मुख्य रस्त्यावर रुंदीकरणात एक जुना कडुनिंब जातोय, बुंध्याचा घेर मीटरभर. तो ओपन स्पेसमध्ये हलवता येईल का?

वाफसा_परभणी:
खत पुढच्या जूनमध्ये, नवी फूट वीतभर आलेली असेल तरच. मुळं नसताना नत्र दिलं की क्षार वाढतात आणि असलेली मुळीही भाजते. ह्यूमिक, रूट पावडर वगैरेवर खर्च करू नका, तो पैसा आणखी दोन टँकरला लावा.

पहार_आणि_टिकाव:
जुन्या कडुनिंबाचं गणित आधी मांडा. मीटरभर घेर म्हणजे जाडी ३२ सेंमी. गड्डा खोडाच्या किमान दहापट रुंद हवा, म्हणजे ३.२ मीटर, खोली मीटरभर. ती माती सुमारे ८ घनमीटर, वजन १३ टनांच्या वर, त्यात झाड वेगळं. मोठी क्रेन, ट्रेलर आणि वाटेतल्या विजेच्या तारा हे सगळं आलं. अनेक ठिकाणी जेसीबीने दीड मीटरचा गड्डा काढून, सगळ्या फांद्या उडवून झाड रोवतात. ते साठलेल्या अन्नावर एक पावसाळा फुटतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतं.

करायचंच असेल तर घाई चालत नाही. आत्ता गड्ड्याच्या परिघावर निम्म्या भागात, एक तुकडा सोडून एक असा, दोन-अडीच फूट खोल चर घ्या, मुळं करवतीने स्वच्छ कापा, चर भुसभुशीत मातीने भरून पाणी चालू ठेवा. उरलेला निम्मा भाग फेब्रुवारीत. काठाशी नवी मुळी आली की पाऊस स्थिर झाल्यावर जुलैत हलवा आणि पुढे निदान तीन उन्हाळे पाणी. रस्त्याचं काम तोवर थांबणार असेल तरच यात अर्थ आहे. वड-पिंपळ असता तर मी लगेच हो म्हटलं असतं, ते तोडलेल्या मुळांवर पुन्हा चटकन फुटतात. शहरात झाड तोडायला किंवा हलवायला १९७५च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा अर्ज आधी करा, चर नंतर.

मळ्यातली_ताई:
आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब, बहावा पानं टाकतील तेव्हा पुन्हा घाबरून टँकर दुप्पट करू नका, ती त्यांची नेहमीची पानगळ असते. बकुळीची पानं तेव्हा गळली तर मात्र लगेच गड्डा उकरून बघा.